चारित्र्य : सत्तावीस विरुद्ध दहा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, चारित्र्याचा दाखला काढायला कुठे खेटे घालावे लागत नाहीत. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये शनिवारी लाखभर माणसं जमतात आणि पोराने दोन पास चुकवले की मध्यंतराच्या आत दाखला तयार असतो. सही, शिक्का, शिव्यांसकट.

सध्याचा अर्जदार आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची एनएफएल या व्यावसायिक लीगचे क्वार्टरबॅक, काका पेटन आणि एलीही तेच. काकांचे मिळून चार सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं. अशा घरातल्या मुलाचे पाय पाळण्यात बघायला अख्खं राज्य रांग लावतं. टेक्सासमधली पहिली दोन वर्षं तो बहुतेक वेळ मुख्य क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या मागे बाकावर होता. 'काय संयम आहे हो! नाहीतर बाकीची पोरं, जरा बसवलं की निघाली दुसऱ्या कॉलेजात.' फारसं न खेळता मिळवलेलं हे प्रमाणपत्र अगदी निर्दोष होतं. खेळायला लागला आणि घोटाळा झाला.

2025 चा हंगाम सुरू होण्याआधीच एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत टेक्सास पहिला, विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच. 30 ऑगस्टला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटकडून 14-7 अशी हार झाली आणि रातोरात संयमाचा बुळेपणा झाला. पुढच्या आठवड्यात सॅन होजे स्टेटविरुद्ध चेंडू फेकताना आर्चचं तोंड वेडंवाकडं झालेलं कॅमेऱ्याने टिपलं. खांदा दुखतोय? लपवतोय? म्हणजे खोटारडाही? प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन यांना पत्रकार परिषदेत चक्क या चेहऱ्यावर उत्तर द्यावं लागलं. तुम्हा पत्रकारांचं संडासात कधी चित्रीकरण केलेलं नाही, तेव्हा तिथे तुम्ही कसलं तोंड करता ते सांगता येणार नाही, असं काहीसं ते म्हणाले. माझ्या मते हंगामातलं सर्वात जबाबदार विधान हेच.

13 सप्टेंबरला टेक्सास-एल पासोचा दुबळा संघ पाहुणा म्हणून आला. आर्चचे लागोपाठ दहा पास वाया गेले आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. टेक्सास 27-10 असा जिंकला, ही किरकोळ बाब. पास वाया जायला कारणं पुष्कळ असतात : पुढची फळी फुटते, झेलणारा भलतीकडे वळतो, हातात आलेला चेंडू निसटतो. पण ही झाली तांत्रिक कारणं, आणि तांत्रिक कारणांना शिव्या घालून समाधान होत नाही. त्यासाठी संस्कारच काढावे लागतात.

पोरगा आता कमावतो, मग ऐकून घ्यायला काय हरकत आहे, असं जाणकार म्हणतात. खरंच आहे. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात. त्याआधी पैसे मिळत नसत. शिव्या मात्र तेव्हाही फुकट आणि भरपूर होत्या.

अलाबामाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला विचारा. 8 जानेवारी 2018, अटलांटा, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. मध्यंतराला जॉर्जिया 13-0 पुढे. प्रशिक्षक निक सेबन यांनी 19 वर्षांच्या हर्ट्सला बसवलं, राखीव क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआला उतरवलं, आणि टुआने जादा वेळेत सामना जिंकून दिला. हर्ट्स कडेला उभा राहून त्याच्यासाठी उड्या मारत होता. मग तो अलाबामातच राहिला, तर काहींच्या मते निष्ठावान, काहींच्या मते महत्त्वाकांक्षाशून्य. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला आणि बाकावरून उठून हर्ट्सने 35-28 असा सामना काढला. पुढे पदवी घेऊन तो ओक्लाहोमाला गेला, तेव्हा निष्ठेची फाईल पुन्हा उघडली. 2025 च्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि फाईल गहाळ झाली.

आर्चचंही पुढे बरं झालं. 2025 च्याच हंगामात 22 नोव्हेंबरला आर्कान्सासविरुद्ध त्याने चार टचडाउन पास दिले, एक टचडाउन पळत जाऊन केलं आणि एक चक्क झेलून. टेक्सास 52, आर्कान्सास 37. 'रक्तातच आहे हो!' त्याच संध्याकाळी दाखला दुरुस्त होऊन मिळाला. 37 गुण देणाऱ्या बचावफळीच्या संस्कारांची चौकशी मात्र कोणी केली नाही. त्या पोरांचे काका कोण, तेच कुणाला ठाऊक नाही.