मेडलच्या कडेवरचा आकडा

माझ्या माहेरच्या देवघरात, टाकांच्या शेजारी, एका पितळी डबीत पणजोबांचं ब्राँझचं मेडल आहे. त्यावर पंख असलेली एक उभी स्त्री आहे. पणजीने तिला देवी मानलं आणि देवांत बसवलं. दर खंडेनवमीला कोयता, विळी, पहार यांच्याबरोबर हे मेडलही चिंच आणि राख लावून लख्ख घासलं जायचं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. पणजोबा पलटणीत होते, बसऱ्याला लढले, तिथून आल्यावर पुन्हा ‘काबूलच्या बाजूला’ गेले आणि पायात गोळी घेऊन घरी आले, एवढं आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यापुढचं शोधायला मी चार वर्षांपूर्वी सुरुवात केली. माझी पहिली तक्रार त्या चिंचेबद्दल आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अशा गोल मेडलवर शिपायाची ओळख पुढे नसते, मागेही नसते. ती कडेवर असते. रुपयाच्या नाण्याला जशी कड असते तशा अरुंद पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या मेडलवर हुद्दा वाचता येतो, नाव वाचता येतं, पलटणीचा 103 हा आकडाही स्पष्ट आहे. पणजोबांचा स्वतःचा नंबर चार आकडी आहे. त्यातले पहिले तीन आकडे शाबूत आहेत. चौथा ऐंशी-नव्वद खंडेनवम्यांत झिजून गेला. सकाळच्या उन्हात मेडल तिरपं धरलं की तो 3 दिसतो, भिंगाखाली 8 दिसतो. ज्या घराने हे मेडल इतक्या निष्ठेने पुजलं, त्याच घराच्या हाताने तो आकडा गेला. कुणाला बोल लावायचा?

हे मला फार उशिरा कळलं, कारण मेडल थोरल्या चुलतभावाकडे आहे. कडेचा फोटो पाठव म्हणून मी त्याला पाचसहा वेळा फोन केला. दर वेळी त्या पंखवाल्या बाईचा फोटो आला. एकदा तर नवा हार घालून आला. शेवटी गणपतीत गावी गेले तेव्हा स्वतःच डबी उघडली.

पणजोबांची आणखी दोन मेडलं होती, चांदीची. ती आता नाहीत. 1914 ते 1920 या काळाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं, चांगलं अडीच तोळ्यांहून जड. सरहद्दीवरच्या मोहिमांसाठी मिळायचं ते इंडिया जनरल सर्व्हिस मेडलही चांदीचंच. आत्याआजीच्या लग्नात दोन्ही सोनाराकडे गेली आणि त्यांची जोडवी, पैंजण झाले. ब्राँझला सोनाराने हात लावला नाही, म्हणून ते उरलं. लग्नाच्या घरात चांदी मोडली याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मुलगी मोकळ्या पायांनी पाठवायची कशी? पण मोडण्याआधी कडेवरची एक ओळ कुणी कागदावर उतरवून घेतली असती तर? त्याला दोन मिनिटं पुरली असती.

आजीने ती मेडलं नवी सून असताना पाहिली होती. एकावर राजाचं तोंड आणि मागे डोंगरांपुढे किल्ला, असं ती सांगायची. तो किल्ला रायगड, हेही ती ठामपणे सांगायची. तो रायगड नव्हता. 1908च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलच्या मागच्या बाजूवर जमरूदचा किल्ला आहे, खैबर खिंडीच्या तोंडावरचा. पणजोबा सरहद्दीवर गेले होते याचा मला मिळालेला पहिला खरा पुरावा म्हणजे आजीने बघून लक्षात ठेवलेला तो किल्ला.

पलटणीचा माग तेवढा कठीण नव्हता, कारण पलटणींचा इतिहास नीट लिहिलेला आहे. 1768 साली उभी राहिलेली ही मुंबई इलाख्याची पलटण. 1903 साली सरसेनापती किचनरच्या फेररचनेत ती 103 झाली, 1922 साली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, आणि आज ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, म्हणजे जंगी पलटण. 1915च्या नोव्हेंबरात, आजच्या इराकमधल्या टेसिफॉनच्या लढाईत ती होती. तिथून फौज कूतला मागे हटली, 7 डिसेंबरला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 रोजी कूतने शरणागती पत्करली. टेसिफॉनच्या पुष्कळ जखमींना वेढा पडण्याआधीच नदीने खाली बसऱ्याकडे काढलं होतं. पणजोबा कैदेत गेले नाहीत, एवढं घरात नक्की माहीत आहे, त्यामुळे ते त्या जखमींत असावेत असं मी धरून चालले आहे. पुढे 103 पुन्हा भरून काढली गेली आणि 1919-20च्या वझिरिस्तान मोहिमेत महसूद टोळ्यांविरुद्ध लढली. कोकणातला मुलगा, आधी टायग्रिसचा चिखल, मग वझिरिस्तानचे उघडेबोडके कडे. हे सगळं पलटणीचं झालं. पलटणीच्या इतिहासात अधिकाऱ्यांची नावं पानोपानी आहेत, शिपायांची मात्र बहुतेक वेळा संख्या आहे.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. आपल्याकडे रत्नागिरी-साताऱ्याच्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीतही अशी पाटी आहे, त्यावर दोनदा चुना फासला गेला आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, त्यांत सरहद्दीवर पडलेलेही आहेत, पण ती मेलेल्यांची. जो लंगडत का होईना घरी परतला, शेती केली, पेन्शन खाल्लं आणि अंथरुणात मेला, त्याचं नाव कोणत्याच दगडावर नाही. पाटीपाशी आकडा आहे पण नाव नाही. आमच्यापाशी नाव आहे पण आकडा अपुरा आहे.

पंजाबातल्या लोकांचा मला हेवा वाटतो, हे सरळ सांगते. तिथे महायुद्धानंतर गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांच्या नोंदी. 2021 साली त्यांतल्या जालंधर, लुधियाना आणि सियालकोट या तीन जिल्ह्यांच्या सुमारे 45 हजार नोंदी लोकांसाठी खुल्या झाल्या. गावाचं नाव घातलं की शिपायाचं नाव, बापाचं नाव, पलटण समोर. रत्नागिरीसाठी, साताऱ्यासाठी अशी वही मला कुठेही मिळाली नाही.

मग उरतं पेन्शन. मला वाटलं होतं, सरकार माणूस विसरेल, पैसे विसरणार नाही. शिपायाच्या पेन्शनच्या हुकुमाचे दोन भाग असत. एक खजिन्यात राहायचा, दुसरा पेन्शनरच्या हातात, घरी त्याला पेन्शनबुक म्हणत. पणजोबा गेल्यावर ते बुक पणजीच्या नावाने झालं. ती लुगडं सावरत डोंगर उतरून तालुक्याच्या कचेरीत जायची, हयातीची खात्री पटवायची, अंगठा द्यायची आणि येताना मिठाची पुडी आणायची. तिच्या हातातलं ते बुक वडिलांनी लहानपणी पाहिलेलं आहे, लाल कापडी पुठ्ठ्याचं. ती गेल्यावर नियमाप्रमाणे तेही परत करावं लागलं, आणि दोन्ही भाग जिथून निघाले तिथे जमा झाले. आम्ही ते प्रामाणिकपणे परत केलं. नक्कल ठेवायची कुणाला सुचली नाही. कोकणातल्या घराघरांत 1950 सालच्या शेतसाऱ्याच्या पावत्या तारेला ओवून ठेवलेल्या सापडतात, आणि जो कागद हवा तो मात्र सरकारला परत केलेला असतो.

पणजोबांच्या कागदांसाठी मी ज्या कचेरीत अर्ज केला तिचं नाव सांगत नाही. माणसं तुसडी नव्हती, एकाने तर चहा दिला. त्यांनी विचारलं, पूर्ण नंबर काय? मी सांगितलं, शेवटचा आकडा 3 किंवा 8. ते म्हणाले, एका अर्जात एकच नंबर चालतो. मी दोन अर्ज केले. तेव्हा वारस असल्याचा पुरावा मागितला. पणजोबांचं आडनाव माझ्या माहेरचं, अर्जावर नाव सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र केलं. मग गावाचा प्रश्न आला. आमचा तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. पुणे जिल्ह्यातही खेड तालुका आहे, ज्याच्या गावाला आता राजगुरुनगर म्हणतात. माझा पहिला अर्ज जिल्ह्याकडे न बघता तिकडच्या गठ्ठ्यात गेला आणि सात महिन्यांनी तसाच परत आला. त्यात आडनावाचं स्पेलिंग. पलटणीच्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं, पवारचं पोवार, जाधवचं यादव. आमचं आडनाव मला आतापर्यंत तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसलं आहे.

पलटणीच्या कागदांत शिपायाचा शीटरोल म्हणून एक कागद असतो. त्यात बापाचं नाव, गाव, जात, भरतीच्या वेळची उंची, अंगावरची ओळखीची खूण, जखमा, बढत्या, सगळं असतं. मला तो एकच कागद बघायचा आहे. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. पणजोबा पेन्शनर होते, म्हणून माझी आशा टिकून आहे. त्यांच्या गालावर तीळ होता की नव्हता यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. फोटो एकही नाही.

चार वर्षांत एकच कागद खरोखर हाती आला, तोही तहसीलच्या अभिलेख कक्षातून. गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, ज्याला गाव नमुना 14 किंवा कोतवालबुक म्हणतात. लिपी मोडी. 2023पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना उसंत राहिली नाही, त्यामुळे मला तीन महिने थांबावं लागलं. वाचणारे गृहस्थ सत्तरीचे होते. त्यांनी बोट ओळीवरून हळूहळू सरकवत नेलं, पणजोबांच्या नावापाशी थांबले आणि मोठ्याने वाचलं, ‘लष्करी पेन्शनर’. सन 1938, ताप येऊन मृत्यू. पुढे काही नाही. मी त्यांना ते दोन शब्द पुन्हा वाचायला लावले. घरातल्या सांगोवांगीबाहेर, परक्याच्या हाताने पणजोबांबद्दल लिहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दोन्ही अर्ज अजून कचेरीत आहेत. दरम्यान आमच्या घरी मी एक गोष्ट बंद केली. खंडेनवमीला त्या मेडलला आता चिंच लागत नाही, कोरड्या मऊ फडक्याने पुसतात. चुलतभाऊ नाराज आहे, मेडल काळं पडलं म्हणतो. पडू दे.

तुमच्या घरी असं मेडल असेल, डबीत, ट्रंकेत, फोटोच्या चौकटीत, तर आजच बाहेर काढा. घासू नका. खिडकीशी उन्हात तिरपं धरा आणि कडेवर जे आहे ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवा, आकडे आधी. कडेचा फोटो काढा, तोंडाचा नको. पेन्शनबुक असेल तर परत करण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा. आणि मेडल मोडलं गेलं असेल, पण ते मोडण्याआधी पाहिलेलं कुणी नव्वदीचं माणूस घरात असेल, तर मागच्या बाजूला काय होतं हे त्यांना या दिवाळीत विचारा.