साडेसदतीस तासांची संकष्टी

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर. हा आकडा शेजारच्या काकूंनी "असेल" म्हणून सोडून दिला. वेळापत्रक मात्र त्यांना फार आवडलं. थेट विमान दुपारी अडीचला सुटायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला पोचायचं.

"म्हणजे अडीच तास! मग लेक उगाच का रडते, लांब आहे म्हणून?"

आमच्या वरसे गावापासून मुंबईचा सहार विमानतळ सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्याला आम्ही सहा तास धरले होते.

गोम अशी, की विमान उडतं सोळा तास, पण हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेतेरा तास. हे समजावलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. जायच्या दिवशी संकष्टी होती. दिवस साडेसदतीस तासांचा आणि चंद्रोदय शेवटाला!

कालनिर्णयात गावोगावचे चंद्रोदय असतात, पस्तीस हजार फुटांवरचा नसतो. "विमानातून दिसला तर चालेल का हो?" भटजींनी क्षणभर विचार केला. "खिडकीची सीट आहे का?" नव्हती.

तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भाताच्या काट्यावर तोलून झाल्या. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, आळीव, जावयासाठी पेणचे पोह्याचे पापड. काका मागेच राहणार होते. शेतात वाल पेरले होते.

पहाटे पाचला निघालो. भिसे खिंडीतून नागोठणे, पुढे वडखळ, हा जवळचा रस्ता. पण तिथला महामार्ग २०११ पासून चौपदरी होतोय, आणि वडखळला गाडी हमखास अडकायची. ड्रायव्हर म्हणाला, "कोलाड, वाकण, पाली करून खोपोलीला काढतो. लांब पडतं, पण पोचतो." काकूंना हा डिझेल जाळायचा धंदा वाटला. मी सांगितलं, २०१६ साली एअर इंडियानेही दिल्लीचं सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला घेतलं. अंतर हजारावर किलोमीटरने वाढलं, तरी वेळ वाचला; पाठीला वारा होता.

"त्यांच्याही वाटेत वडखळ असेल," काकू म्हणाल्या.

पालीत शिरल्यावर डोक्यात उजेड पडला. आज संकष्टी, आणि हे बल्लाळेश्वराचं गाव! मी "काकू, विमान..." म्हणेपर्यंत त्या रांगेत उभ्या होत्या. पाठीला वारा असा नव्हताच. समोर दूर्वा घेतलेली दीडदोनशे माणसं होती. तरी सहारला वेळेत पोचलो, हे त्यांच्या मते दर्शनामुळे आणि ड्रायव्हरच्या मते ड्रायव्हरमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काकांचा फोन वाजला.

"पोचले हो. इकडे अजून कालच आहे. संकष्टी चालूच."

काका रात्रीच पाच मोदकांवर उपास सोडून मोकळे झाले होते. ते काही बोलले नाहीत.

"इथे साडेआठला उगवेल म्हणतात. तिकडून निघाला ना तो?"

"केव्हाच निघालाय," काका म्हणाले. "वडखळला अडकला नाही, तर येईल वेळेवर."