कपाटातला फोन

इगतपुरीत मोबाइलचे दोन पंथ सुखाने नांदतात. एक धम्मगिरीचा. १९७६ पासून चालणाऱ्या या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला बसायचं तर फोन आधी जमा करावा लागतो, मग मौन. दुसरा पंथ रिसॉर्टवाल्यांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीच्या एका रिसॉर्टमधल्या कॉल सेंटरवर छापा घातला, तेव्हा ६२ जण कामात गढलेले होते. ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाइल हाती लागले. सीबीआयच्या म्हणण्यानुसार ही मंडळी ॲमेझॉनचे मदतनीस बनून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना फोन लावत होती. एकाच धुक्यात एकीकडे माणसं आपला श्वास ऐकत होती आणि दुसरीकडे सातासमुद्रापलीकडच्या माणसाचा श्वास चढवला जात होता. महाराष्ट्रात आपल्यावर कुणाचीच नजर नाही, असं छातीठोकपणे सांगता येईल असा नागरिक आता बहुधा पहिल्या पंथातच सापडेल, आणि तोही फक्त दहा दिवस.

हेरगिरीचं सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा चष्मा लावलेला परदेशी माणूस येतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पुढच्या दाराने, अक्षता घेऊन येतं. हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. अनोळखी नंबरवरून आली म्हणून काय झालं, पत्रिकेचा अपमान करायचा नसतो. त्याने ती उघडली. आत नवरा-नवरीऐवजी ‘एपीके’ होती, म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप, आणि जवळपास १ लाख ९० हजारांचा आहेर परस्पर गेला. अशा पाहुण्यांची रीत ठरलेली असते. मेसेज वाचू का, असं ते विचारतात, कारण ओटीपी तिथेच येतो. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. अंध व्यक्तीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा म्हणून केलेली ही सोय. ती एकदा मिळाली की पाहुणा पडदा वाचतो आणि आपल्या वतीने बटणंही दाबतो. घाटात गाडी चढवायला कसाऱ्याला मागे बँकर इंजिन लावतात, ते इगतपुरीला निमूट सुटतं. फोनच्या मागे लागलेलं इंजिन मात्र कुठल्याच स्टेशनावर सुटत नाही. आणि ते जोडलेलं असतं आपणच, ‘अलाऊ’ या शब्दावर बोट ठेवून. घरच्या हेराला तर एवढाही खटाटोप नको. संशयी नवऱ्याला बायकोचा फोन आणि त्याचं लॉक पाच मिनिटं मिळालं की पुरे.

यावर जाणकार म्हणतील, पेगासस कुठे परवानगी मागतं? बरोबर आहे. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या नुसत्या कॉलवरून जगभरातल्या सुमारे १,४०० फोनमध्ये घुसलं. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. लक्ष्य झालेल्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, प्राध्यापक आनंद तेलतुंबडे होते. पण इथेही परवानगीचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त आपल्या बोटावरून सरकारी टेबलावर सरकतो. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच माल विकतो. आपल्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात घेतलं असंही म्हटलं नाही आणि नाही घेतलं असंही म्हटलं नाही. न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं. ते पेगाससच होतं का, हे ठरलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हे मात्र समितीने २०२२ मध्ये नोंदवलं. मौनाचं हे शिबिर दहा दिवसांत संपणारं नव्हे.

देशाच्या सुरक्षेसाठी हे लागतंच, असा पुढचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अतिरेक्याला आधी नोटीस धाडून कसं चालेल? म्हणून तर कायद्याने फोन ऐकण्याची मुभा दिली आहे, फक्त गृह सचिवांची लेखी मंजुरी हवी. आता ती मंजुरी कशी मिळते ते पाहा. नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने ऐकला जात होता, अमली पदार्थांचा संशय दाखवून. पटोले त्या वेळी सत्ताधारी भाजपचे खासदार होते. या प्रकरणी पुण्यात गुन्हा दाखल झाला, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्दही केला. तेव्हा दोष कुणाचा, हे आपण बोलायचं नाही. पण ज्या कागदावर खासदाराचा गब्बर होऊ शकतो, त्या कागदाची आणि ‘अलाऊ’च्या बटणाची जात एकच. न वाचता दाबायचं. पेगाससच्या बाबतीत तर असा कागद आहे की नाही, हेच कुणी सांगत नाही.

उरतो सर्वांत लाडका आक्षेप: माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? काही नसेलही. पण फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये शिरलेला पाहुणा नेतो तसा ठेवूनही जाऊ शकतो. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने बचाव पक्षाच्या वतीने तपासली. ज्या पत्रांवरून त्यांना धरलं, ती ‘नेटवायर’ नावाच्या सॉफ्टवेअरने बाहेरून आणून ठेवली होती, असं आर्सेनलचा २०२१ चा अहवाल सांगतो. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, खटला उभाच आहे. पण ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याच्याकडे जागा भरपूर रिकामी असते, एवढं तरी त्यावरून कळतं. आणि लपवण्यासारखं अजिबात काही नसलेला माणूस शोधायचाच तर ते गब्बर साकारणारे अमजद खान. पुण्यात त्यांच्या नावाने फोन ऐकला जात होता तेव्हा त्यांना जाऊन चोवीस वर्षं झाली होती. त्यांची अद्याप तक्रार आलेली नाही.