मोठ्यानं मोजणारे आबा

कोल्हापुरात पेठेगणिक तालीम आणि तालमीगणिक एक आबा असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली. समोर चहाचा कप येण्याआधी त्यांचं एक वाक्य येतं, “आमच्या वेळंला हजार जोर, हजार बैठका, मग दूध.” कपात साखर किती हे विचारायचं राहून जातं.

आमच्या गल्लीतल्या आबांना मूळव्याध आहे. हे त्यांनी आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते नुसतं ‘त्रास’ म्हणायचे, काकू ‘उष्णता’ म्हणायच्या, आणि थोरला मुलगा ‘बाबांचं ते’ म्हणून छताकडे बघायचा. मेडिकलवाला मलमाची ट्यूब तीन पदरी कागदात गुंडाळून द्यायचा, त्यामुळे दुकानातल्या सगळ्यांना कळायचं की आबांनी मलम नेलं.

उरलेल्या गावाला कळलं ते खासबागेत. शाहू महाराजांनी १९१२ साली हे कुस्तीचं मैदान असं बांधून घेतलं की कुठल्याही कोपऱ्यात मांडी घालून बसलं तरी हौदा नीट दिसावा. तिथं आबा पहिल्या कुस्तीपासून उभे. मागून आरोळी आली, “ओ आबा, खाली बसा की! तुमची पाठ बघाय आलोय व्हय आम्ही?” आबांनी मान न वळवता सांगितलं, “जाणकार माणूस कुस्ती उभ्यानं बघतो.” त्यावर दुसरा, बहुधा भाच्याच्या वयाचा, म्हणाला, “बसू दे रं त्यांना उभं. दुखायलंय.” अख्खी ओळ हसली. हौद्यात त्या क्षणी काय डाव लागला, ते जाणकारांनाही दिसलं नाही.

पहिला उपाय आबांनी स्वतःच केला. तांबडा रस्सा बंद. पांढरा मात्र दुप्पट, कारण पांढरा म्हणजे जवळजवळ दूधच. दुसरा उपाय एका भिंतीवरच्या जाहिरातीतून आला. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ अशी ती जाहिरात. जाहिरातवाल्या गृहस्थांनी पुड्या दिल्या आणि व्यायाम कायमचा बंद सांगितला. तालमीतल्या माणसाला व्यायाम बंद म्हणजे दिवसभर ओट्यावर बसणं. चार-सहा महिन्यांत पोट पुढे आलं, कोठा जड झाला, कुंथणं वाढलं आणि त्रास दुणावला. व्यायाम बंद करून मूळव्याध बरी होत असती तर सगळे कारकून ठणठणीत असते.

शेवटी मुलानं सर्जनकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे. “आबा, तिखटानं आग होईल, पण मूळ कारण जोर करणं. तुम्ही तालमीत श्वास कोंडून वजन उचलत होता, सकाळी संडासात श्वास कोंडून कुंथता. दोन्हीकडे पोटातला दाब खाली जातो आणि तिथल्या शिरा फुगतात. व्यायाम सोडू नका, श्वास कोंडणं सोडा.” चालणं चांगलं, पोहणं चांगलं. सायकलची अरुंद सीट सूज उतरेपर्यंत नको. वजन हलकं घ्यायचं, उचलताना श्वास सोडायचा. ज्या दिवशी रक्त जातंय किंवा गाठ दुखतेय, त्या दिवशी सुट्टी आणि कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं. एवढं सांगून डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य निसटलं, “सोपी खूण सांगतो, मोठ्यानं आकडे मोजा. तोंडातून आकडा निघतोय तोवर श्वास कोंडला जात नाही.”

त्या वाक्याचा त्रास आता आम्हाला आहे.

पहाटे साडेपाचला आबांची पहिली बैठक होते आणि “एऽऽक” ही आरोळी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचते. हजार बैठका आता पंचवीसवर आल्यात, तेवढीच देवाची कृपा. मग रंकाळ्याची फेरी. तिथं मोजत नाहीत, बोलतात. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं, असा त्यांनी स्वतःच नियम केलाय. त्यामुळे सोबत कुणी टिकत नाही. टबातसुद्धा मिनिटं मोठ्यानं मोजतात, असं काकूंनी त्रासून सांगितलं.

दूध केंद्राच्या रांगेत मात्र गप्प असतात. तेव्हा अश्विनी मुद्रा चालू असते. गुदद्वाराचे स्नायू काही सेकंद आवळायचे आणि सैल सोडायचे, बाहेरून कुणाला कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांनी आबांच्या भुवया बघितल्या नव्हत्या. आवळलं की भुवया वर जातात, सोडलं की खाली येतात. पिशव्या देणारी पोरगी एकदा घाबरून म्हणाली, “आबा, दर मी नाही वाढवला.”

आणि जिम. नातवाला सोडायला गेले नि तिथलेच झाले. एक पोरगं कमरेला पट्टा आवळून बार उचलत होतं. तोंड लालबुंद, डोळे बाहेर, ओठ घट्ट. आबा त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, “आकडा म्हण!” पोरानं बार टाकला. “कसला आकडा?” “कसला पण म्हण! भावा, श्वास कोंडून उचलायलास, उद्या मूळव्याध झाली की माझी भोकाची उशी मागाय येशील.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो शब्द उच्चारला, तोही आरशांनी भरलेल्या खोलीत, वीस जणांपुढं. आता लाज गेलीये. इसबगोल रात्री भरपूर पाण्याबरोबर कसं घ्यावं, संडासात पेपर का नेऊ नये, हे विचारल्याशिवायही सांगतात. पेपर सोडणं रश्श्याहून जड गेलं, हेही सांगतात.

एका बाबतीत मात्र आबा थट्टा करत नाहीत. रक्त गेलं म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नका. आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त जातं. भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर लावण्याआधी सर्जनकडून एकदा तपासून घ्या, आणि चाळिशी उलटली असेल तर याच आठवड्यात जा.