माझं नाव घ्यायचं काय कारण?

अहो, ऐकलंत का? किराणावाल्या भाऊजींची पिकअप सुधारली! तीच हो, २००६ सालची, पांढऱ्याची पिवळी झालेली. या, अशा कठड्याशी या जरा. आमचे हे आत पेपर धरून बसलेत, पण कान इकडेच. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐका.

तिचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. पुण्याच्या मार्केट यार्डातून माल भरून निघाली की शिरवळपर्यंत एकदम झक्कास. खंबाटकीचा चढ लागला की मात्र... पाय पार तळापर्यंत दाबला तरी गाडी उचलतच नाही. भाऊजी कडेला घेऊन उभे. दहा-पंधरा मिनिटं थांबलं, एक चहा झाला, की बाईसाहेब पुन्हा ठणठणीत! आणि गॅरेजात नेली तर नव्या सुनेसारखी शहाणी. दिवसभर चालू ठेवा, साधा ठसका नाही.

पहिला मिस्त्री म्हणाला, डिझेल फिल्टर चोक झालाय. बदलला. दुसरा म्हणाला, छे, नोझल गेलेत. नोझल, पंप, सगळं उतरवून टेस्टिंगला पाठवलं आणि १८ हजारांचा चुना लागला. भाऊजी बिल घेऊन आले तेव्हा वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत हो! सूप तेवढं खाली ठेवलं आणि आत गेल्या. मी इथूनच पाहिलं ना. आणि पुढच्या गुरुवारी गाडी खंबाटकीत पुन्हा तश्शीच उभी!

मग वहिनींचा भाऊ आला शहाणपण शिकवायला. म्हणे पंपावरचं डिझेलच भेसळीचं, दुसरीकडे भरा. दुसरीकडे भरलं की खरंच पळायची! हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे. आणि त्यांच्या घरातल्या काकूंचं निदान तर केव्हाच झालं होतं, दृष्ट! दर शनिवारी नवी लिंबू-मिरची. काकूंची पंचमीला घेतलेली साडी पाहिलीत ना तुम्ही? मला तर तो रंग... जाऊ दे.

तर काय सांगत होते, हां, फिटर. सुरूर फाट्यावरचा एक म्हातारा फिटर कुणीतरी सुचवला. त्यानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. विचारलं, "दम सोडते तेव्हा धूर काळा येतो का?" भाऊजी म्हणाले, धूर कुठला, नुसती मरगळते. "काळा असता तर म्हटलं असतं हवा कमी पडतेय. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही." आणि मग, "हे कधीपासून?" भाऊजी म्हणाले, वैशाखात चुलतभावाचं लग्न झालं, तेव्हापासून. नव्या गाड्यांना म्हणे लॅपटॉप जोडून बघतात. हिला काय जोडणार, कपाळ?

त्यानं मागं पोती भरायला लावली आणि चला म्हणाला पसरणीचा घाट. आमचे हे हौसेनं मधे बसले, म्हणून मला सगळं इत्थंभूत. पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्यांदा चढताना गाडीनं मान टाकली. म्हातारा उतरला तो थेट टाकीपाशी, आणि झाकण फिरवलं. सूंऽऽऽ करून हवा आत गेली म्हणे, कुकरच्या उलट! आणि झाकणाखाली काय? दुधाची पिशवी! नीट गोल कापलेली, आत ओढली जाऊन वाटीसारखी झालेली. ती काढली, स्टार्टर मारला, तर गाडी सुसाट पाचगणीला.

अहो, टाकीतलं डिझेल जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला नको का? त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. तेच पिशवीनं बुजवलेलं. मग पंपानं ओढून ओढून ओढायचं तरी किती? उभी केली की फटीतून थोडी थोडी हवा शिरायची, म्हणून चहानंतर बरी. डिझेल भरताना झाकण उघडायचं, म्हणून दुसऱ्या पंपाचं डिझेल गुणकारी! आणि गॅरेजात रिकामी उभी राहून ती डिझेल पिणार ते कितीसं? म्हातारा भाऊजींना म्हणाला, "शेठ, तेलाच्या डब्याला भोकं किती पाडता?" रोज दुकानात दोन भोकं पाडणारा माणूस हो! हे म्हणाले, चेहरा असा उतरला, की घाट उतरेपर्यंत गप्प.

आणि ती पिशवी लपलेली होती का? रोज काढायचे, रोज लावायचे!

त्यानं काय केलं, झाकणाचं भोक तारेनं साफ केलं, नवा रबरी वायसर बसवला. घेतले २०० रुपये.

आता खरी गंमत. घरी आल्यावर वहिनींनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, ही कोणी कापली? काकू जपमाळेत. भाऊजी छताकडे. शेवटी काकू म्हणाल्या, लग्नाहून येताना मागं बसले होते, झाकणातून डिझेल उडून नऊवारीला डाग पडला, म्हणून मी लावली. मला बाई शेजारणीनंच सांगितलं!

शेजारीण म्हणजे कोण? मी! भरल्या घरात माझं नाव! वहिनींनी काल बारशाचं बोलावणं केलं, आमचं दार सोडून. पण मी सांगितलं होतं ते लोणच्याच्या बरणीला हो, टाकीला नव्हतं! तेल गळत होतं त्यांच्या बरणीचं, तुम्हीही होतात की तेव्हा... होतात ना?