झाकण तेवढं लावायचं राह्यलं

धारणीहून अमरावतीला जायचं तर हरिसाल, सेमाडोह, मग घाट, मग परतवाडा असा अख्खा मेळघाट ओलांडावा लागतो. जाऊन-येऊन दिवस मोडतो. त्यामुळे एखादी वस्तू शहरातून आणण्यापेक्षा घरीच बनवलेली बरी, असं इथं पुष्कळांना वाटतं. बहुतेकांचं हे वाटणं लोणच्याशी थांबतं. ज्याचं थांबत नाही तो अँप्लिफायर बनवायला घेतो.

दिवसा हा माणूस कोणीही असू शकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, वनखात्यातला बाबू, नाही तर कापड दुकानदाराचा थोरला मुलगा. दिवेलागणीनंतर मात्र सगळे एकसारखे दिसतात. अंगात बनियन, कपाळावर चढवलेला चष्मा, हातात सोल्डरिंगची गन आणि घरभर राळ जळाल्याचा वास. आपण त्यांना नुसतं भाऊ म्हणू. गावही तेच म्हणतं.

भाऊंचं किट येतं पोस्टानं. उघडलं की तळहाताएवढी हिरवी पाटी निघते, एक आयसी, मूठभर कपॅसिटर, व्हॉल्यूमचा पॉट, बास-ट्रेबलचे दोन पॉट आणि सूचनांचा एक कागद. कागदावर चित्र एका किटचं आणि मजकूर दुसऱ्याच किटचा. किटची किंमत ऐकून घरच्यांना हायसं वाटतं, कारण त्यात काय नसतं ते अजून कळलेलं नसतं. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, हीटसिंक नसते, डब्बा नसतो, स्पीकर तर नसतोच नसतो. म्हणजे ज्याला पैसे पडतात ते सोडून बाकी सगळं असतं.

ट्रान्सफॉर्मरसाठी भाऊ बऱ्हाणपूरला जातात. सरहद्द ओलांडली की भाषा बदलते, पण रुबाब तोच. "भैया, बारा-झीरो-बारा, पाच अँपिअर. तांबे का दिखाओ, अल्युमिनियम का मत दिखाओ." दुकानदार शपथेवर सांगतो की तांब्याचाच आहे. भाऊ दोन ट्रान्सफॉर्मर दोन हातांत घेऊन डोळे मिटतात. तांबं जड असतं, त्यामुळे खरं-खोटं हाताला कळतं असा त्यांचा सिद्धांत. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर शेजारच्या किराणावाल्याचा काटा मागून आणतात. दुकानदार मान फिरवून पुढच्या गिऱ्हाईकाकडे बघतो. अशी माणसं त्याच्याकडे नेहमीच येत असावीत.

पहिल्यांदा करंट सोडायच्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. भाऊ थेट पिन लावत नाहीत, सिरीजमधून लावतात. म्हणजे मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर सगळं ठीक, लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट. मंद बल्ब दिसला की बायको चहा ठेवते, लख्ख दिसला की मुलं आपणहून अभ्यासाला बसतात. आता अडचण अशी झाली आहे की २०१५ साली सरकारची उजाला योजना आली, एलईडी घरोघरी पोचले आणि दुकानदारांनी तारेचे बल्ब ठेवणं बंद केलं. एलईडी या कामाचा नाही, तो मधल्यामध्ये आपलंच काहीतरी करतो. त्यामुळे भाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. न्हाणीघरात जुना बल्ब दिसला की म्हणतात, "हा बदलून टाक ना बाप्पा, लाइट बिल लय येते," आणि उतरवलेला बल्ब खिशात घालतात. गावात वीजबचतीचा एवढा कळकळीचा प्रचारक दुसरा नाही.

गाणं वाजतं ते वाजतंच, पण गाण्याच्या खाली हम्म येतो. पन्नास हर्ट्झचा, मेन लाइनचा. पाहुण्याला तो ऐकू येत नाही. बायकोला येत नाही. भाऊंना पलीकडच्या गल्लीतून ऐकू येतो. मग शील्डची वायर बदलतात, ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवून बघतात, सगळे ग्राउंड एकाच ठिकाणी आणून सोल्डर करतात. शास्त्राला धरूनच आहे हे. ग्राउंडच्या दोन वाटा झाल्या की त्यांच्यामध्ये करंट फिरतो आणि तोच स्पीकरमध्ये गुणगुणतो. एवढं करूनही हम्म उरला की भाऊ घराच्या अर्थिंगवर येतात. परसात खड्डा खणतात, त्यात कोळसा, मीठ, मधोमध पट्टी. हा खड्डा ओला ठेवावा लागतो, एप्रिल-मेमध्ये तर रोज. टँकरची वाट बघणाऱ्या घरात यावरून काय होत असेल ते सांगायला नको.

"अवो, तुयशीले दोन दिसापासून पानी नाई अन् तुमच्या खड्ड्यात बादली?"

"ते वापरलेलं पानी होय ना!"

"मले माहीत हाय कोनतं होय थे. माह्या आंघोईचं होय."

मेळघाटचा उन्हाळा हा भाऊंचा खरा वैरी. आयसीचे सगळे आकडे २५ अंश तापमान धरून छापलेले असतात, आणि धारणीत मे महिन्यात दुपारी ते तापमान फक्त माठातल्या पाण्यात सापडतं. हीटसिंक दुप्पट केली, पंखा लावला, तरी आयसी तापते आणि आतल्या संरक्षणामुळे आपोआप गप्प होते. भाऊ याला बिघाड म्हणत नाहीत. अमुक ते तमुक वाजेपर्यंत ती झोपते, असं सांगतात. त्यामुळे डब्ब्याचं झाकण कायमचं उघडं. झाकण आहे, ड्रिलनं पाडलेल्या भोकांसकट, काळा रंग मारून तयार आहे. चारच स्क्रू लावायचे आहेत. पण आधी हवा लागली पाहिजे, मग एक कपॅसिटर बदलायचा आहे, मग बदलल्यावर चार दिवस बघायचं आहे. तोवर त्या झाकणावर घरात शेवया वाळतात.

आयसीचं म्हणाल तर एलए४४४०. सान्यो या जपानी कंपनीनं मोटारीतल्या टेपसाठी काढलेली. दोन चॅनेल घेतले तर प्रत्येकी ६ वॅट, दोन्ही जोडून एक केला तर १९, एवढंच ती कागदोपत्री कबूल करते. सान्योनं सेमीकंडक्टरचा धंदा २०११ साली एका अमेरिकन कंपनीला विकला, पण खेड्यापाड्यात ४४४० मरायचं नाव घेत नाही. किटमधली आयसी असली की नकली हे भाऊ थिनरच्या बोळ्यानं छपाई घासून ठरवतात. छपाई पुसली गेली तर डुप्लिकेट. नाही पुसली तर चांगली डुप्लिकेट.

या १९ वॅटचा भाऊंना अभिमान आहे, आणि शेजाऱ्यानं आणलेल्या, ५००० वॅट पीएमपीओ असा स्टिकर लावलेल्या होम थिएटरचा मनस्वी संताप. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन ते त्या शेजाऱ्याला हिशोब समजावतात. भिंतीतली पिन ५ अँपिअरची, त्याला २३०नं गुणलं तरी साडेअकराशेच्या वर जात नाही, मंग पाच हजार येते कुठून? शेजारी म्हणतो, "येते ना भाऊ, लिहिलं हाय." भाऊ पुढं सांगतात की कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे दहापट लागतात, म्हणून वॅटवर जाऊच नये. इथं मी भाऊंच्या बाजूनं आहे. पण हेही बघितलं पाहिजे की त्या घरी लोक सिनेमा शेवटपर्यंत बघतात, आणि भाऊंच्या घरी आजवर कुणी एक गाणं पूर्ण ऐकलेलं नाही.

कारण भाऊ गाणं ऐकतच नाहीत. आर. डी. बर्मनच्या गाण्याची सुरुवात लावतात, गिटार संपून बाई गायला लागल्या की बंद. पुन्हा पहिल्यापासून. "तबला आयका. बोट कुठी पडलं थे समजते का?" समजतं म्हणावं लागतं. "डाव्या बाजूनं घुंगरू आलं?" आलं. पाहुण्यानं चुकून "आशाताई काय गातात हो!" म्हटलं, की भाऊंचा चेहरा उतरतो. एवढं घुंगरू डावीकडून आणून द्यायचं आणि श्रेय बाईंना!

या सगळ्या विद्येला धक्का बसला तो एका कोरकू पोरामुळे. शेत राखायला बसलेला मुलगा. त्यानं मोटारसायकलच्या बॅटरीवर उघडी ४४४०ची पाटी लावली होती, वायरी नुसत्या पिळलेल्या, आणि आठ इंची स्पीकर एका माठाच्या तोंडावर पालथा ठेवला होता. फगव्याचे दिवस होते. ढोलाचा ठोका नाल्यापल्याडून येत होता आणि पोटात जाणवत होता. हम्म नव्हता. बॅटरीला कुठून असणार? भाऊ गाडीवरून उतरले, माठाभोवती फिरले, वाकून आत बघितलं. मुलाला विचारलं, हे कोणी शिकवलं? त्याला प्रश्नच कळला नाही. माठ फुटका होता, पाणी राहत नव्हतं, म्हणून स्पीकरला घेतला, एवढं त्यानं सांगितलं.

घरी येऊन भाऊंनी वही काढली. बास निघतो तो डब्ब्याच्या आतल्या हवेतून. कोणत्या स्पीकरला किती लिटर हवा लागते याचं गणित थील आणि स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात बसून मांडून ठेवलेलं आहे. पण फुटक्या माठाचा मुद्दा त्यात कुठं सापडेना. पुढच्या आठवडी बाजारात भाऊ लिटरचं माप आणि मीटरचा टेप घेऊन कुंभाराच्या दुकानासमोर उकिडवे बसले. एकेक माठ टिचकी मारून कानाला लावला. काहींत मापानं पाणी भरून पुन्हा ओतलं. गिऱ्हाईकं खोळंबली.

"पानी थंडं होते भाऊ, गॅरंटी हाय," कुंभार म्हणाला.

"पान्याचं नाई. दोन माठ पाह्यजेत, अगदी सारखे. डाव्यात अन् उजव्यात फरक नाई चालत. अन् दोघांलेही सारखीच चीर पाडून देजो."