कातारिनाचा सातबारा

14 फेब्रुवारी जवळ आला की आपल्याकडे संस्कृतीचं लक्ष भेटकार्डांच्या दुकानांकडे वळतं. हा ख्रिस्ती सण आहे, तो इथे चालणार नाही, असे इशारे निघतात. व्हॅटिकनने ते वाचले तर तिथल्यांना गहिवरून येईल. ज्या संताला खुद्द रोमने 1969च्या सुधारणेत आपल्या सार्वत्रिक पंचांगातून वगळलं, त्याचं धार्मिक माहात्म्य आज एवढ्या निष्ठेने आपले संस्कृतिरक्षकच जपत आहेत. जर्मनीच्या कॅथलिक पंचांगात त्या तारखेला सिरिल आणि मेथोडियस या मठवासी भावांचा स्मृतिदिन असतो. त्यांनी स्लाव लोकांना लिपी दिली, प्रार्थनाग्रंथ दिले. पण लिपीच्या नावाने गुलाब खपत नाहीत. जर्मनीत व्हॅलेंटाईन खऱ्या अर्थाने रुजला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकी सैनिकांच्या मागोमाग. 1950 मध्ये न्यूर्नबर्गला व्हॅलेंटाईनचा नाच झाला आणि पुढचं धर्मकार्य फुलवाल्यांनी अंगावर घेतलं.

यावर कोणी विचारेल, मग जर्मन चर्चमध्ये त्या दिवशी जोडप्यांसाठी खास आशीर्वादाच्या प्रार्थना का होतात? होतात खऱ्या, पण क्रम पाहा: गर्दी आधी दुकानात गेली, चर्च तिच्या मागून निघालं. 2022 या एका वर्षात 5,22,821 जर्मन कॅथलिकांनी चर्च सोडलं. तिथे सभासदाला प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्चचा कर भरावा लागतो आणि तो सहसा सरकारी खातंच वसूल करतं. म्हणून सोडचिठ्ठीही सरकारदरबारीच द्यावी लागते. बव्हेरियात ती विवाहनोंदणीच्याच कचेरीत देतात. माणसाशी संसार मांडायला आणि देवाच्या घराशी मोडायला एकच खिडकी! अशा दिवसांत धर्मगुरू मेणबत्त्या लावून जोडप्यांची वाट पाहत उभे राहिले, तर त्यात धर्मप्रसाराचा कट दिसत नाही, गिऱ्हाईक टिकवण्याची धडपड दिसते. प्रोटेस्टंटांनी तर 25.5.25 ही तारीख धरून देशभर ‘या आणि लग्न लावून घ्या’ थाटाचा उपक्रम केला. आपल्याकडे मुहूर्त ग्रह पाहून काढतात, तिकडे तो लक्षात ठेवायला सोपा आहे का, एवढं पाहतात.

मग प्रेम आणि घर यांच्याशी श्रद्धेचं काही नातंच नाही का? हा आक्षेप वजनदार आहे. नातं आहे, फक्त ते गुलाबांच्या दिवशी सापडत नाही. 13 जून 1525 रोजी विटेनबर्गला मार्टिन ल्यूथर या 41 वर्षांच्या माजी मठवाशाने, मठातून पळून आलेल्या 26 वर्षांच्या कातारिना फॉन बोराशी लग्न केलं. त्या लग्नाचा तिथे आज दर जूनला उत्सव होतो. जुने पोशाख चढवून मिरवणूक निघते, पर्यटक येतात. मात्र मूळ संसार हिशेबाचा होता. ल्यूथर पुस्तकांचं मानधन घेत नसे. कातारिनाने रिकाम्या मठात बिअर गाळली, डुकरं पाळली, विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवले आणि घर चालवलं. विवाह ही ऐहिक बाब आहे असं लिहिणाऱ्या ल्यूथरने 1542च्या मृत्युपत्रात तिलाच वारस ठरवलं. सॅक्सनीच्या कायद्यात ते बसत नव्हतं. 1546 मध्ये तो गेल्यावर तिला हक्कासाठी झगडावं लागलं. बाईची जागा घरात, हेच ल्यूथरचं मत होतं, असं कोणी सुनावेल. होतंच. पण ते घर तिच्या नावावर करायची त्याची तयारी होती. त्या मताचे त्याचे आजचे सोबती नेमके इथेच मागे सरतात.

हा ख्रिस्ती प्रकार म्हणून नाकारायचीही सोय नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’त शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं, आणि त्यासाठी ना संत लागला ना गुलाब. तेव्हा संस्कृतिरक्षकांनी 14 फेब्रुवारीला दुकानांपुढे जरूर उभं राहावं. जोडप्यांना जात, वय आणि वडिलांचा फोन नंबर विचारण्याऐवजी सातबाऱ्यावर किंवा फ्लॅटच्या कागदांवर दोघांची नावं असणार आहेत का, एवढंच विचारावं. मात्र विचारणाऱ्याने आधी स्वतःचा उतारा दाखवायचा, अशी अट असावी. मग दुकानदारांना पोलीस बंदोबस्त मागायची गरज उरणार नाही.